किलोमीटर मोजू नका, चढ मोजा

मागच्या अंकात पुण्याहून गोव्याला सायकलवर गेल्याचं थोडक्यात लिहिलं होतं. पुणे, वाई, महाबळेश्वर, तिथनं आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, मग खेड, दापोली, आणि दापोलीपासून किनाऱ्याकिनाऱ्यानं गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि गोवा, सगळं मिळून ६०० किलोमीटरच्या आसपास. त्यावर इतके प्रश्न आलेत की हे अख्खं सदर त्यालाच देतोय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दामच छापत नाहीये.

प्रश्न : मी २०० आणि ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) वेळेत पूर्ण केलीय. रोज १२० किमी धरले तर पुणे-गोवा ५ दिवसांत आरामात व्हायला हवं ना? ऑफिसची सुट्टी तेवढीच आहे. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : सर्वात आधी अभिनंदन, २०० ला साडेतेरा तास आणि ३०० ला २० तास ही मर्यादा पाळणं काही सोपं नाही. पण बीआरएम म्हणजे एक मोठा दिवस, दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी झोपता, टूरला दुसऱ्या दिवशी परत खोगिरावर बसायचं असतं, तिसऱ्याही आणि सहाव्याही, आणि मागं कॅरिअरला सामान लटकलेलं असतं.

खरी गोष्ट अशी की या रस्त्यावर किलोमीटरचा आकडा फसवतो. लोक म्हणतात घाट उतरलो की कोकण, मग काय समुद्राच्या कडेनं सपाट. सपाट नाहीये हो! कोकणात रस्ता किनाऱ्याला चिकटून फार थोडा जातो, तो जातो सड्यावरनं, म्हणजे वरच्या त्या जांभ्याच्या सपाट माळावरनं, आणि दर थोड्या अंतरावर एखादी खाडी नाहीतर नदी आडवी आली की सरळ खाली उतरतो, पूल नाहीतर जेटी, आणि पलीकडं पुन्हा तेवढंच वर. दापोली समुद्रसपाटीपासून साधारण २४० मीटरवर आणि दाभोळ पाण्याला लागून, म्हणजे तुम्ही उतरलात, जंगलजेटीत (गाड्या पलीकडं नेणाऱ्या फेरीबोटीत) सायकल घातली, धोपाव्याला उतरलात की लगेच चढ सुरू, पाय गरम व्हायला पण वेळ नाही. घाटातला चढ लांब असतो पण समजूतदार असतो, कोकणातले चढ आखूड आणि उभे. मागच्या वेळी गुहागर ते गणपतीपुळे या ६० किमीच्या दिवसात माझ्या मीटरवर हजार मीटरच्या जवळपास चढ पडला होता, म्हणजे वाई ते महाबळेश्वरच्या चढापेक्षाही जास्त.

म्हणून मी हिशोब असा करतो : सामानासकट १०० मीटर चढायला मला १५ ते २० मिनिटं लागतात. नकाशाच्या अॅपमध्ये दिवसाचा एकूण चढ बघायचा, त्याची वेळ काढायची, मग सपाटाचे किलोमीटर त्यात मिळवायचे आणि वर दोन तास जेवण, चहा, जेटीची वाट, पंक्चर यांचे. डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो, त्याच्या तासभर आधी मुक्कामाला पोचायचं असा नियम ठेवला तर दिवसाला ६० ते ७५ किमी बसतात. म्हणजे ९ दिवस. पाचच दिवस असतील तर अर्धाच रस्ता करा, पुणे ते गुहागर नाहीतर रत्नागिरी ते गोवा, पण नीट करा. पळत सुटलात तर हेदवीची बामणघळ (समुद्राचं पाणी उसळून येणारी खडकातली घळ) बघायची राहील आणि देवगडला तुम्ही फक्त पाठ टेकायला पोचाल. मला ते फार वाईट वाटतं, एवढ्या लांब स्वतःच्या पायांनी जायचं आणि काही न बघता यायचं.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे. माझ्याकडं २१ गिअरची साधी एमटीबी (माउंटन बाइक) आहे, १६ किलोची. मित्र म्हणतात ह्यावर घाट चढणं अशक्य, नवी घे. घरचे एवढे पैसे देणार नाहीत. (एक विद्यार्थी, कराड)

उत्तर : अरे, तुझी सायकल चालेल. मित्रांचं ऐकू नकोस. घाटात दोन-तीन किलो वजनापेक्षा सर्वात हलका गिअर किती हलका आहे ते महत्त्वाचं. पुढच्या सर्वात लहान चाकाचे दाते मोज आणि मागच्या सर्वात मोठ्याचे. समज पुढं २८ आणि मागं ३४ आहेत, तर पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास पुढं जाते. मिनिटाला ६० फेरे मारलेस तर ताशी सहा-सव्वासहा किमी. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात सामान घेऊन हाच वेग असतो, माझाही. म्हणजे पाय सुटसुटीत फिरताहेत आणि सायकल चढतेय. पण मागं २८ च दाते असतील, साध्या सायकलीत बऱ्याचदा तेवढेच असतात, तर मात्र तो मागचा दात्यांचा संच बदलून ३४ वाला टाकून घे. सात गिअरचा मिळतो, नव्या सायकलीच्या मानानं काहीच खर्च नाही. फक्त मेकॅनिकला विचार की तुझा डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) ३४ पेलेल का आणि चेन पुरेल का.

दुसरं, ते मोठ्या खिळ्यांचे टायर काढ आणि गुळगुळीत, दीड-पावणेदोन इंची टाक. डांबरावर तेवढ्यानं जो फरक पडतो तो तुला पहिल्याच दिवशी कळेल. पुढं सस्पेन्शनला लॉक असेल तर चढावर लावत जा, नाहीतर थोडा जोर त्या स्प्रिंगमध्येच जातो.

आणि अशक्य वगैरे कोणी म्हणालं तर त्यांना सांग, १९२३ साली मुंबईतनं काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले होते, त्यातले तिघं, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, जगाला फेरी मारून १९२८ मध्ये मुंबईत परत आले. शंभर वर्षांपूर्वीच्या सायकली होत्या त्यांच्या. तुझ्याकडं २१ गिअर आहेत बाबा.

प्रश्न : सामान किती घ्यावं? टेंट घ्यावा का? (तीन-चार वाचक)

उत्तर : टेंट नको, या रस्त्यावर गरजच नाही. दर गावात 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय' अशी पाटी असते. दोन जोड सायकलचे कपडे, एक जोड संध्याकाळचा, पातळ विंडचीटर (महाबळेश्वरला डिसेंबरात रात्री कुडकुडायला होतं), औषधं, हत्यारं. ७ किलोच्या आत बसवा. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो असाल आणि वर १० किलो सामान बांधलंत तर दीड तासाच्या घाटाला दहा मिनिटं जास्त लागणार, हा साधा हिशोब आहे, आणि ती दहा मिनिटं अगदी शेवटच्या वळणांवर जाणवतात. सामान पाठीवर अजिबात नको, कॅरिअरवर.

हत्यारांत दोन जादा ट्यूब, पंक्चर किट, लहान पंप, एलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार आणि एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात : तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पाइप त्याला बसत नाही. वीस-तीस रुपयांचं पितळी अडॅप्टर मिळतं, ते खिशातच ठेवा.

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे, चढ मला जमतात, हळूहळू का होईना. पण उताराची भीती वाटते. मैत्रिणी भुर्रकन निघून जातात आणि मी दोन्ही ब्रेक गच्च दाबून येते, हात भरून येतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, सगळ्या प्रश्नांत मला हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटला. चढावर फार तर दमायला होतं, मोठे अपघात होतात ते उतारावर. तुमची भीती बरोबर आहे, फक्त ब्रेक दाबायची पद्धत बदलायची.

आंबेनळीचं उदाहरण घेऊ. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, पोलादपूर पार तळाला सावित्रीकाठी, म्हणजे ४० किलोमीटरमध्ये जवळजवळ १३०० मीटर खाली. पहिल्यांदा मी तो घाट तुमच्यासारखाच उतरलो, ब्रेक सतत थोडे थोडे दाबलेले. प्रतापगडाचा फाटा मागं टाकून थोडा खाली आलो तेव्हा मागनं जळकट वास यायला लागला. थांबून रिमला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं, चटकाच बसला. रिम तापली की ती उष्णता ट्यूबपर्यंत जाते आणि ट्यूब फुटू शकते, वळणावर फुटली तर काय होईल ते सांगायला नको. ब्रेक रबर बघितलं तर एका बाजूनं घासून आतलं लोखंड दिसायला आलेलं. बाजूला बसून अर्धा तास रिम गार होऊ दिली, रबरं आतबाहेर करून बसवली आणि मग खाली गेलो, सावकाश. तेव्हापासून जादा ब्रेक रबराची जोडी माझ्या पिशवीत कायम असते.

करायचं असं. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक एकदम चांगले दाबायचे, वेग पुरेसा उतरवायचा आणि सोडून द्यायचे. वळणात ब्रेक नाही. वळण संपलं की थोडं जाऊ द्या, पुढच्या वळणाआधी परत दाबा. दाबा-सोडा, दाबा-सोडा, मधल्या वेळात रिमला वारा लागतो आणि हातांनाही आराम मिळतो. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, त्याला घाबरू नका, पण खडी, वाळू, ओला पाला किंवा शेण असेल तिथं पुढचा हलकाच. वळताना बाहेरचा पाय खाली आणि वजन त्यावर, नजर जिथं जायचंय तिथं, दरीकडं किंवा खड्ड्याकडं बघाल तर सायकल तिकडंच जाते. दर पाच-सहा किलोमीटरला थांबायचंच, हात झटकायचे. तुमच्या पंजाच्या मानानं ब्रेकचा लिव्हर लांब असेल तर तो जवळ घेता येतो, बारीक स्क्रू असतो, बायकांच्या सायकलींत हे कुणी करूनच देत नाही आणि मग हात दुखतात ते भीतीमुळं असं वाटत राहतं. तेवढं आजच करून घ्या.

मैत्रिणींना जाऊ द्या पुढं. खाली चहाला भेटायचं ठरवा. आणि घाटात समोरनं एसटी किंवा ट्रक येत असेल तर डावीकडं पूर्ण थांबून त्यांना जाऊ द्या, चढणाऱ्या गाडीला वळणावर जागा लागते.

प्रश्न : दुसऱ्या दिवसापासून गुडघे पुढच्या बाजूनं दुखतात. (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुतेक वेळा सीट खाली असते. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल पार खाली न्या, पाय पूर्ण सरळ व्हायला हवा. वाकलेला राहिला तर सीट वर घ्या, एका वेळी अर्धा सेंटीमीटर. दुखणं गुडघ्याच्या मागं असतं तर उलट, थोडी खाली. दुसरं कारण जड गिअरवर रेटणं. इतकं करूनही दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही तर डॉक्टरांकडं जा, दुखणं सोसत टूर करू नका.

प्रश्न : खायचं काय? एनर्जी जेल वगैरे लागतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही हो. गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, केळी. वरच्या पिशवीत, हाताला येईल असं. भूक लागायच्या आधी खायचं, दर पाऊण-एक तासानं दोन घास. एकदा का अंगातली साखर संपली की पायात गोळे नाही येत, पायच नाहीसे झाल्यासारखं होतं, डोकं चिडचिडं होतं, मग कितीही खाल्लं तरी अर्धा तास काही खरं नाही. सकाळी पोहे-उपमा, दुपारी पोटभर थाळी खाऊन लगेच चढ नको, निम्मं जेवा आणि उरलेलं रात्री. कोकणात कोकम सरबत सगळीकडं मिळतं, त्यात मीठ जरा जास्त टाकायला सांगा. घाम फार येतो तिथं, हवा दमट, नुसतं पाणी पीत राहिलात तर संध्याकाळी डोकं धरतं. ओआरएसची चार पाकिटं ठेवा.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी जाणार आहोत, २६ आणि २९. आईबाबा काळजीत आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : काळजी असणारच, आणि ती फोननं कमी करता येते. रोजचा मुक्काम आधी फोन करून ठरवा, मालकिणीचा नंबर आईला द्या, लोकेशन चालू ठेवा. पण घाटात रेंज जाते हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन तास फोन लागला नाही की घरी हलकल्लोळ. घरगुती सोय निवडा, लॉजपेक्षा कधीही बरी, घरात काकू असतात, गरम पाणी मिळतं, सायकली पडवीत आत घेतात. माझ्या अनुभवात कोकणातल्या लोकांनी सायकलवाल्यांची जेवढी विचारपूस केलीय तेवढी कुठं नाही झाली. टॉयलेटची अडचण खरी आहे, त्यात काही गोड बोलण्यासारखं नाही, पेट्रोल पंप आणि जरा बरी हॉटेलं आधी नकाशावर खुणा करून ठेवा आणि त्या भीतीनं पाणी कमी पिऊ नका. अंधारात सायकल चालवायची नाही, यात तडजोड नको, घाटात बिबट्याचा वावर असतो आणि गावाबाहेर कुत्री मागं लागतात. कुत्रं आलं तर थांबा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मध्ये ठेवा, बहुतेक वेळा ते तिथंच शांत होतं.

सुरुवातीला कोल्हापूरहून गगनबावडा करून बघा ना. वर गावात राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. दोघींचा वेग जुळतो का तेही कळेल, पुढं जाणारीनं मागच्या बहिणीसाठी थांबायचं कुठं ते ठरवलेलं असलं की भांडणं होत नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात केली तर? हिरवंगार असतं. आणि परत येताना सायकल ट्रेननं आणता येते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पावसाळ्यात नको. एकदिवसाची राइड वेगळी. दरडी पडतात, भोर-महाडचा वरंध घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंदच ठेवतात, आणि लाल चिखल ब्रेक रबर कानशीसारखा खातो. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. ऑक्टोबरात कोकणात ऊन आणि दमटपणा दोन्ही असतो.

ट्रेननं येते. मडगाव, कुडाळ, रत्नागिरी अशा मोठ्या स्टेशनवरनं पार्सल ऑफिसमध्ये सायकल बुक करायची, स्वतःचं तिकीट दाखवून, गाडीच्या दोन-तीन तास आधी जा. त्या गाडीला लगेज डबा आहे का आणि तुमच्या उतरायच्या स्टेशनला गाडी किती थांबते हे आधी विचारा. पेडल काढा, हँडल आडवं करा, आणि मागचा डिरेलर आतल्या बाजूला वळवून पुठ्ठ्यात गुंडाळून बांधा. एकदा मी ते केलं नाही, घरी आल्यावर हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) वाकलेला निघाला आणि चेन मागच्या आऱ्यात जायला लागली. नाव, मोबाइल नंबर, कुठून कुठं हे पुठ्ठ्यावर दोन ठिकाणी लिहा.

प्रश्न : पुणे-गोवा दोनदा झालं. आता मनाली-लेह. सह्याद्रीची तयारी पुरेल का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : पायांची पुरेल, फुप्फुसांची नाही पुरणार. आपलं महाबळेश्वर १३५० मीटर, तिथं बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) ४८९० आणि टांगलांग ला ५३०० च्या वर. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. गाटा लूप्सची ती २१ वळणं चढाला फार कठीण नाहीत, पसरणी चढलेल्याला तर नाहीच, कठीण आहे ते श्वास पुरत नसताना चढणं. आणि खरा धोका सायकल चालवताना नाही, झोपताना असतो. सरचू ४३०० मीटरच्या आसपास आहे आणि दोन उंच खिंडींच्या मध्ये अडकलेलं, म्हणजे रात्री डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या तर कुठल्याही बाजूनं खाली जायला आधी वर चढावं लागतं. म्हणून केलाँग किंवा जिस्पाला एक दिवस जादा राहा, ते ३१००-३२०० मीटरवर आहे, आणि त्रास सुरू झाला की त्या रात्री पुढं जायचं नाही, गाडी मिळवून मागं फिरायचं. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. नाले सकाळी ओलांडा, दुपारनंतर बर्फ वितळून पाणी वाढतं. तुमच्या सुट्टीत चार दिवस जास्तीचे घाला, मग जा, नक्की जा.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे, तिला माझ्याबरोबर यायचंय. पूर्ण टूर तिला झेपणार नाही. काय करू? (एक बाबा, सातारा)

उत्तर : तिला गणपतीपुळे ते रत्नागिरी न्या, आरेवारेमार्गे. २५ किमी आहे, चढ आहेत पण तिला झेपतील असे, आणि एकदम समुद्र समोर येतो. सायकली गाडीला बांधून पुळ्याला जा, रात्री राहा, सकाळी सातला निघा, उन्हाच्या आत. तिचा गिअर तपासा, तिच्या सायकलला सिंगल स्पीड असेल तर भाड्यानं दुसरी घ्या. तुम्ही मागं राहायचं, पुढं तिनं, वेग तिचा. आरेवारेचा चढ संपतो तिथनं दोन्ही बाजूंचे किनारे खाली दिसतात, मागचा जो तिनं पार केला तो आणि पुढचा. तिथं थांबा, पाणी द्या, घाई करू नका. निघूया का हे तिलाच विचारू द्या.